जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत लॉकअप टॉर्क कन्व्हर्टर वापरताना

१९६० आणि १९७०च्या दशकांतील अमेरिकी गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दणकट होते, परंतु महामार्गावर ते इंजिनाला नाहक पळवतात. याचे एक कारण असे की त्यांचा सर्वांत वरचा गिअर थेट, म्हणजे १.०० गुणोत्तराचा असतो. दुसरे कारण इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलामार्फत जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दडलेले आहे. त्याच्या इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पंपामध्ये आणि गिअरबॉक्सला फिरवणाऱ्या टर्बाइनमध्ये तेलाखेरीज दुसरा कोणताही दुवा नसल्यामुळे, गाडी एका स्थिर वेगाने चालली असतानाही टर्बाइन इंजिनापेक्षा थोडे मागेच राहते. ही घसर साधारणपणे तीन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असते आणि तिच्यात वाया जाणारी सगळी शक्ती उष्णतेच्या रूपाने गिअरबॉक्सच्या तेलात उतरते. लॉकअप कन्व्हर्टरमध्ये टर्बाइन आणि बाहेरचे कवच यांच्यामध्ये घर्षणपट्टी लावलेली एक तबकडी असते; ती कवचावर दाबली गेली की इंजिन आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एकजीव होऊन फिरतात व घसर शून्यावर येते.

ही कल्पना नवी नाही. पॅकार्डने १९४९ मध्येच अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये असा क्लच दिला होता, पण पेट्रोल स्वस्त असेपर्यंत त्याची फारशी कोणाला गरज भासली नाही. १९७३चे तेलसंकट आणि त्यानंतर आलेले इंधनवापराचे कायदे यांमुळे क्रायस्लरने १९७८ मध्ये आपल्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सला लॉकअप दिले आणि पुढच्या काही वर्षांत इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. म्हणून जुन्या गाडीला लॉकअप द्यायचे म्हणजे बहुतेक वेळा १९८०च्या दशकातील गिअरबॉक्स १९६० किंवा ७०च्या दशकातील गाडीत बसवणे होय. या लेखात मुख्यतः जनरल मोटर्सच्या ७००आर४ या गिअरबॉक्सचा विचार केला आहे, कारण कार्बोरेटर असलेल्या शेवरले गाड्यांमध्ये तोच सर्वाधिक बसवला जातो आणि सर्वाधिक चुकाही त्याच्याच जोडणीत होतात.

नुसता कन्व्हर्टर बदलून काही होत नाही

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जनरल मोटर्सच्या टीएच३५० किंवा टीएच४०० या साध्या, लॉकअप नसलेल्या गिअरबॉक्सवर लॉकअप कन्व्हर्टर चढवला, तर तो लॉक होणार नाही. लॉकअपचा क्लच तेलाच्या प्रवाहाची दिशा उलटवून चालतो. क्लच सुटलेला असताना तेल तबकडी आणि कवच यांच्यामधून आत शिरते, तबकडीला कवचापासून दूर ठेवते आणि टर्बाइनच्या बाजूने बाहेर पडून कूलरकडे जाते. लॉक करायचे असते तेव्हा तेच तेल टर्बाइनच्या बाजूने आत सोडले जाते आणि तबकडीच्या पुढच्या बाजूचे तेल पोकळ इनपुट शाफ्टमधून बाहेर काढले जाते, त्यामुळे दाबातील फरकाने तबकडी कवचावर जाऊन बसते. यासाठी आतून पोकळ आणि टोकाला ओ-रिंग असलेला शाफ्ट, गिअरबॉक्सच्या तेलपंपामध्ये दिशा बदलणारा व्हॉल्व्ह आणि त्या व्हॉल्व्हला हुकूम देणारा सोलेनॉइड (विजेने चालणारी चुंबकी कळ) किंवा निव्वळ तेलदाबावर चालणारी यंत्रणा, एवढे सगळे गिअरबॉक्समध्ये असावे लागते. साध्या टीएच३५० मध्ये यांतले काहीच नसते. लॉकअप असलेला त्याचा भाऊ टीएच३५०सी हा वेगळा गिअरबॉक्स आहे. पंप, शाफ्ट आणि व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा प्रवाह वाटणारा भाग) सुटी सुटी जमवून जुन्यालाच लॉकअप देण्याच्या खटाटोपापेक्षा, माझ्या मते, चौथा गिअर आणि लॉकअप दोन्ही असलेला संपूर्ण गिअरबॉक्स घेणे शहाणपणाचे ठरते.

क्रायस्लरचे १९७८नंतरचे सुरुवातीचे लॉकअप टॉर्कफ्लाइट विजेशिवाय, केवळ तेलदाबाच्या जोरावर तिसऱ्या गिअरमध्ये लॉक होतात, त्यामुळे त्यांना वायरिंग लागत नाही. मात्र त्यांचा शाफ्ट वेगळा असल्याने आधीच्या टॉर्कफ्लाइटचा कन्व्हर्टर त्यांना चालत नाही. फोर्डच्या १९८०च्या एओडी गिअरबॉक्सची तऱ्हा आणखी निराळी आहे. त्यात लॉकअपचा क्लचच नाही. एक दुसरा शाफ्ट थेट कन्व्हर्टरच्या कवचाला जोडलेला असतो आणि चौथ्या गिअरमध्ये सगळी शक्ती त्याच शाफ्टमधून जाते. एओडीला लॉकअपची वायर कुठे लावायची हा प्रश्न वारंवार विचारला जातो. ती कुठेच लावायची नसते.

७००आर४ हा १९८२ मध्ये आला. त्याची गुणोत्तरे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० अशी आहेत. त्याच काळातील जनरल मोटर्सच्याच २००-४आर गिअरबॉक्सची गुणोत्तरे २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७ अशी असून लांबीने तो आखूड टीएच३५०इतकाच भरतो, त्यामुळे गाडीखालची कापाकापी टळते. ७००आर४ मात्र आखूड टीएच३५०पेक्षा सुमारे तीन इंच लांब असल्याने मागचा आधार सरकवावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्ट आखूड करून घ्यावा लागतो.

कन्व्हर्टरची निवड आणि बसवणी

सुरुवातीच्या, म्हणजे साधारण १९८४ पर्यंतच्या ७००आर४च्या इनपुट शाफ्टला २७ दाते असतात आणि नंतरच्यांना ३०. कन्व्हर्टर मागवण्याआधी शाफ्टवरचे दाते प्रत्यक्ष मोजावेत. गिअरबॉक्स पूर्वी कोणी उघडलेला असेल तर त्यावरच्या वर्षाच्या शिक्क्यावर विसंबू नये. कारखान्याचे कन्व्हर्टर २४५ आणि २९८ मिलिमीटर अशा दोन व्यासांत येत. लहान कन्व्हर्टर चार आणि सहा सिलिंडरच्या गाड्यांसाठी होता. व्ही८ इंजिनाच्या रोजच्या गाडीला मोठाच घ्यावा. स्टॉल स्पीड (गाडी रोखून धरलेली असताना इंजिन गाठते तो वेग) जास्त असलेला कन्व्हर्टर निवडला, तर लॉक नसताना गिअरबॉक्स अधिक तापतो आणि लॉकअपवरचे अवलंबित्व वाढते, ही गोष्ट शर्यतीच्या हौशी लोकांनी विशेष लक्षात ठेवावी. कारखान्याच्या लॉकअप क्लचची एकेरी घर्षणपट्टी स्थिर वेगासाठी बनवलेली आहे. पूर्ण थ्रॉटल देऊन ती लॉक करण्याचा प्रयोग ताकदवान इंजिनावर करू नये.

गिअरबॉक्स बाहेर असतानाच शाफ्टच्या टोकाची ओ-रिंग बदलावी. ती पाचदहा रुपयांची वस्तू कडक झाली की दाब गळतो, क्लच अर्धवट दाबला जातो, घसरत राहतो आणि जळतो. मग लोक वायरिंग तपासत बसतात. कन्व्हर्टरमध्ये साधारण लिटरभर तेल ओतून तो शाफ्टवर चढवावा आणि हाताने फिरवत आत लोटावा. तो तीनदा टप्प्याटप्प्याने आत बसताना हाताला जाणवतो: एकदा इनपुट शाफ्टच्या दात्यांवर, एकदा स्टेटरच्या नळीवर आणि शेवटी पंपाच्या खाचांमध्ये. तिसरा टप्पा जाणवला नाही तर गिअरबॉक्स इंजिनाला बोल्टने आवळण्याच्या भानगडीत पडू नये. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचे पुढचे घंटेसारखे कवच) इंजिनाला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनाच्या टोकाची, कन्व्हर्टर जिला जोडतात ती तबकडी) पुढे ओढताना तीन ते पाच मिलिमीटर सरकला पाहिजे. बोल्ट आवळून बेलहाउसिंग ओढून घेतले आणि कन्व्हर्टर पूर्ण बसलेला नसला, तर पंप पहिल्या स्टार्टलाच फुटतो.

लॉकअपच्या आधी टीव्ही केबल

हा विषय लॉकअपचा नाही असे वाटेल, पण ७००आर४च्या बाबतीत तो वगळता येत नाही. कार्बोरेटरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्समध्ये जाणारी थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल, जिला सर्वत्र टीव्ही केबल म्हणतात, ती गिअर कधी बदलायचा हे तर सांगतेच, शिवाय तेलाचा दाब किती ठेवायचा हेही तीच ठरवते. ती सैल असली तर दाब कमी राहतो, गिअर लवकर आणि मऊपणे बदलतात, चालवणारा खूश होतो आणि आतले तिसऱ्या-चौथ्या गिअरचे क्लच मात्र थोड्याच वेळात करपतात. लॉकअपचा क्लचही याच तेलावर चालतो, त्यामुळे दाब अपुरा असेल तर तोही घसरतो.

जुन्या कार्बोरेटरवर या केबलसाठी योग्य जागीचे छिद्र नसते. म्हणून केवळ कुठेतरी अडकवण्याऐवजी केबलची चाल योग्य करणारी खास पट्टी आणि ब्रॅकेट घ्यावे, जेणेकरून थ्रॉटल बंद असताना केबल ताठ पण न ओढलेली असेल आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ती आपल्या शेवटच्या टोकापर्यंत खेचली जाईल. सेटिंग करताना केबलच्या वरच्या टोकाशी असलेले बटण दाबून धरावे, सरकता भाग थ्रॉटल लिव्हरपासून दूर, फायरवॉलच्या (इंजिन आणि प्रवासी कक्ष यांमधल्या भिंतीच्या) दिशेने शेवटपर्यंत ढकलावा, बटण सोडावे आणि मग इंजिन बंद असताना थ्रॉटल हाताने पूर्ण उघडावा. सरकता भाग टकटक आवाज करत दात्यादात्याने पुढे येतो आणि आपल्या जागी थांबतो. आवाज आलाच नाही तर एक तर केबलची चाल अपुरी आहे किंवा ब्रॅकेटचा कोन चुकलेला आहे. खात्री करायची असल्यास गिअरबॉक्सच्या केसवरच्या दाब मोजायच्या टॅपला प्रेशर गेज लावून पाहावे: केबल ओढताक्षणी दाब चढला पाहिजे. हे जमेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

वायरिंग

मूळ गाडीत लॉकअपचा निर्णय इंजिनाचा संगणक घेत असे. कार्बोरेटरच्या गाडीत संगणक नाही, म्हणून त्याचे काम काही साध्या स्विचांकडून करून घ्यावे लागते. सोलेनॉइडचा विद्युतरोध साधारण २० ओहम किंवा त्याहून अधिक असल्यामुळे तो जेमतेम अर्धा-पाऊण अँपियर घेतो. जाड तारांची गरज नाही, पण फ्यूज हवाच आणि वीज इग्निशन चालू असतानाच मिळेल अशा ठिकाणाहून घ्यावी.

गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला चार पिनांचे कनेक्टर असते. सर्वसाधारणपणे ए पिनवर बारा व्होल्ट आणि डी पिनवर अर्थ द्यायचा असतो. काही सोलेनॉइडमध्ये डायोड असतो, त्यामुळे उलटसुलट जोडणी चालत नाही. शिवाय वर्षागणिक आणि मॉडेलनुसार आतली जोडणी बदलत गेली असून बी आणि सी पिनांवर निरनिराळे प्रेशर स्विच सापडतात, म्हणून गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन उघडलेला असतानाच कोणती तार कुठे जाते हे मीटर लावून पाहून कागदावर लिहून ठेवावे.

विजेचा मार्ग असा ठेवावा: फ्यूजपासून ब्रेकच्या रिलेकडे, तिथून व्हॅक्यूम स्विचकडे, तिथून ए पिनकडे, आणि डी बाजूने निघणारी अर्थ चौथ्या गिअरच्या प्रेशर स्विचमधून. यांतील प्रत्येक दुव्याला स्वतःचे काम आहे.

ब्रेकचा दुवा सर्वांत महत्त्वाचा आहे. ब्रेक दाबताच लॉक सुटला पाहिजे, नाहीतर थांबता थांबता इंजिन धडधडत बंद पडते, आणि गाडी निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावताना इंजिन चाकांना बांधलेले राहते. येथे गोंधळ असा होतो की ब्रेक लाइटचा नेहमीचा स्विच पेडल दाबल्यावर वीज सोडतो, आपल्याला मात्र पेडल दाबल्यावर वीज तुटायला हवी असते. पेडलवर उलट्या प्रकारचा दुसरा स्विच बसवता येतो, पण जुन्या गाडीत त्याला जागा मिळतेच असे नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे पाच पायांचा साधा रिले. ब्रेक लाइटची तार ८६ क्रमांकाच्या पायाला, ८५ला अर्थ, ३०ला फ्यूजवरून येणारी वीज, आणि पुढे जाणारी तार ८७ए या पायावरून घ्यावी. रिले निवांत असताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात; ब्रेक दाबला की रिले खेचला जातो आणि लॉकअपची वीज तुटते. ८७ हा पाय रिकामा सोडावा.

व्हॅक्यूम स्विचमुळे ॲक्सिलरेटर जोरात दाबताच लॉक सुटतो आणि कन्व्हर्टरला आपला टॉर्क वाढवण्याचा गुण दाखवता येतो. स्थिर वेगात इंजिनाचा व्हॅक्यूम (निर्वाताची ओढ) भरपूर असतो आणि थ्रॉटल उघडला की तो झपाट्याने पडतो, या फरकावर स्विच उघडतो-मिटतो. स्विच नेमका कोणत्या पातळीवर उघडावा हे त्यावरच्या स्क्रूने, रस्त्यावर चालवूनच ठरवावे. तिखट, म्हणजे जास्त ताकदीसाठीचा कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनाचा व्हॅक्यूम मुळातच कमी असल्याने तिथे स्विच बराच खाली सेट करावा लागतो. नळी कार्बोरेटरच्या पोर्टेड जागेला, म्हणजे थ्रॉटल बंद असताना जिथे व्हॅक्यूम येत नाही त्या ठिकाणी लावली, तर पाय उचलल्यावरही लॉक सुटतो आणि गाडी शहरात मऊ चालते. थेट मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला) लावली तर पाय उचलल्यावर लॉक टिकून राहतो आणि इंजिनाचा थोडा रोध मिळतो. शहरात चालणाऱ्या गाडीसाठी मी पहिलीच पद्धत पसंत करतो.

७००आर४ मध्ये तेलमार्गाच्या रचनेमुळे दुसऱ्या गिअरपासून पुढे लॉक होऊ शकतो, पहिल्यात होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात लॉक-अनलॉकचे धक्के नको असतील तर व्हॉल्व्ह बॉडीवर चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच बसवावा. एका टर्मिनलचा, दाब आल्यावर मिटणारा स्विच घेतल्यास तो स्वतःच्या अंगातून अर्थ देतो आणि सोलेनॉइडची दुसरी तार थेट त्याच्यावर संपते. दाब आल्यावर उघडणारे स्विचही दिसायला हुबेहूब तसेच असतात, तेव्हा बसवण्यापूर्वी मीटर लावून पाहावे.

डॅशबोर्डवर एखादा टॉगल स्विच साखळीत घालणे चांगले, पण केवळ टॉगलवर सगळी भिस्त ठेवून बाकीचे दुवे वगळणे हे मात्र मला पटत नाही. माणूस स्विच चालू ठेवून विसरतो आणि पुढच्या सिग्नलला गाडी आचके देत बंद पडते.

लॉक कोणत्या वेगाला व्हावा

याचे उत्तर गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या गुणोत्तरावर अवलंबून आहे आणि ते कागदावर काढता येते. २६ इंच व्यासाचे टायर ताशी १०० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. ॲक्सल ३.०८चा असेल तर थेट गिअरमध्ये इंजिन सुमारे २,४७० आरपीएमवर आणि ०.७०च्या चौथ्या गिअरमध्ये लॉक झाल्यावर सुमारे १,७३० आरपीएमवर चालते. हाच हिशेब ताशी ६० किलोमीटरला केला, तर लॉक अवस्थेत जेमतेम १,०४० आरपीएम उरतात, आणि एवढ्या खाली बहुतेक इंजिने गुरगुरतात. म्हणून अशा गाडीत चौथ्यातला लॉक ताशी ७५-८० किलोमीटरच्या पुढे व्हावा. ॲक्सल ३.७३चा असेल तर ताशी १०० किलोमीटरला सुमारे २,१०० आरपीएम मिळतात आणि ताशी ६५च्या आसपासही लॉक चालून जातो.

चढावर नियम बदलतो. लांब चढावर चौथ्या गिअरमध्ये लॉक होत-सुटत राहणे ही सर्वांत वाईट स्थिती आहे, कारण दर वेळी घर्षणपट्टी घासली जाते. कोलोराडोतील डोंगररस्ता असो की मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या हौशी मालकाची जुनी इम्पाला खंडाळ्याचा घाट चढत असो, लिव्हर तिसऱ्यात आणून ठेवावा.

तपासणी

रस्त्यावरची परीक्षा सोपी आहे, फक्त टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारे मीटर) हवा. सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरचा स्थिर वेग धरून, उजवा पाय जराही न हलवता, डाव्या पायाने ब्रेक पेडल ब्रेक लाइट लागेल इतकेच स्पर्शावे. लॉक चालू असेल तर काटा एकदम दीडशे-तीनशे आरपीएमने वर जातो आणि पेडल सोडल्यावर परत खाली बसतो. काटा हललाच नाही तर लॉक होत नाही, असे समजावे. आधी टेस्ट लॅम्पने ए पिनवर वीज पाहावी, मग डी बाजूला तात्पुरता थेट अर्थ द्यावा. त्याने लॉक झाला तर दोष प्रेशर स्विचचा. तरीही झाला नाही तर सोलेनॉइडचा विद्युतरोध मोजावा. विद्युतरोध योग्य असून गाडी लॉक होत नसेल, तर व्हॉल्व्ह अडकला आहे, ओ-रिंग गेली आहे किंवा कन्व्हर्टर संपला आहे. याउलट वायर काढून टाकली असतानाही गाडी थांबताना इंजिन बंद पडत असेल, तर सोलेनॉइड किंवा पंपातला व्हॉल्व्ह लॉक अवस्थेत अडकून बसला आहे.

लॉक झाल्यावर खालून रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर लगेच कन्व्हर्टर बदलायला घेऊ नये. तेलाची जोडणी इंजिनाचे बारीकसारीक मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) झाकते आणि लॉक होताच ते उघडे पडतात. ब्रेकच्या स्पर्शाने लॉक सोडून, त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये थोडा अधिक भार देऊन पाहावे. थरथर तिथेही थोडीफार राहिली, तर प्लग, प्लगच्या तारा आणि कार्बोरेटरचे मिश्रण तपासावे. ती फक्त लॉकमध्येच येत असेल, तर आधी तेल बदलून पाहावे. या गिअरबॉक्सना डेक्सरॉन जातीचे तेल चालते. जुन्या फोर्डचे टाइप एफ तेल लॉकअपच्या पट्टीला फार कडक पकडते, ते वापरू नये.

तेलाच्या तापमानाबद्दल गॅरेजांमध्ये चालत आलेला ठोकताळा असा की सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर दर अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. लॉकअप नीट चालत असेल तर महामार्गावर तेल पुष्कळ थंड राहते, तरीही रेडिएटरमधील कूलरच्या पुढे एक वेगळा कूलर जोडावा, कारण शहरातल्या रांगेत लॉकअप काहीच मदत करत नाही. जुना कन्व्हर्टर जळून बदलला असेल तर कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन घ्याव्यात किंवा कूलर बदलावा. जुन्या पट्टीचा भुसा तिथे साठून राहतो आणि नव्या गिअरबॉक्समध्ये परत येतो. बसवणीनंतर पहिल्या हजारभर किलोमीटरला पॅन उतरवावा. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे नेहमीचे आहे. काळ्या तंतूंचा गाळ दिसला तर क्लच कुठेतरी घसरतो आहे, आणि तपासणी पुन्हा टीव्ही केबलपासून सुरू करावी.